एकवीस तास दहा मिनिटं



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून आपल्या समाजाचा बोलण्यावर मोठा भरवसा आहे. घरापासून इतक्या दूर, जयपुरातल्या उन्हाळ्यातही तुम्ही मराठी मंडळी संध्याकाळी बनी पार्कात व्याख्यानाला येता, ते त्याच भरवशापोटी. आज त्यालाच एक अवघड प्रश्न विचारायचा आहे. राजकारणात तासन्‌तास चालणाऱ्या भाषणांनी काही घडतं का, की ती प्रतीक म्हणूनच उरतात?

३१ मार्च २०२५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या सिनेटमध्ये कोरी बुकर बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबले. पंचवीस तास पाच मिनिटं ते बोलत होते. बसायचं नाही, जेवायचं नाही, सभागृह सोडायचं नाही. त्यांच्या भाषणानं एकही विधेयक अडलं नाही, कारण त्यांना कुठलं विधेयक अडवायचंच नव्हतं. सरकारच्या धोरणांचा निषेध नोंदवायचा होता. त्यांनी मोडलेला विक्रम स्ट्रॉम थर्मंड यांचा होता. १९५७ च्या ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या कायद्याविरुद्ध थर्मंड चोवीस तास अठरा मिनिटं बोलले. आपल्या म्हणण्याच्या समर्थनार्थ राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचून दाखवले. ते खाली बसल्यावर दोनेक तासांतच विधेयक मंजूर झालं. चोवीस तासांत एकही मत फिरलं नाही.

एवढ्यावरून निकाल देता येईल असं वाटतं, पण आपल्याकडचं एक उदाहरण असं आहे की ते नीट पाहिल्याशिवाय निकाल द्यायला माझं मन धजत नाही.

१९०८ साल. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब फुटला, दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. ‘केसरी’त त्यावर लेख आले. त्यांतल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोन लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. २४ जूनला त्यांना मुंबईत अटक झाली आणि १३ जुलैला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला उभा राहिला. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांचे वकील होते आणि त्यांनीच तेव्हा टिळकांना जामीन मिळवून दिला होता. ज्यूरीत नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी वकील दिला नाही. १५ जुलैच्या दुपारी ते स्वतः बोलायला उभे राहिले आणि २२ जुलैपर्यंत, मधल्या सुट्ट्या धरून, बोलत राहिले. प्रत्यक्ष बोलण्याचा वेळ भरला एकवीस तास दहा मिनिटं. माणूस बावन्नाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर, मधुमेही, तुरुंगातून कोर्टात आणि कोर्टातून तुरुंगात.

एवढा वेळ ते काय बोलले, हे पाहिलं पाहिजे. नेमकी हीच बाब लोक वगळतात. शेवटची दोन-तीन वाक्यं पाठ असतात. ती उच्च न्यायालयात शिळेवरही कोरली आहेत. पण ती वाक्यं एकवीस तासांतली काही क्षणांची. उरलेला सगळा वेळ टिळकांनी कंटाळवाण्या कामात घालवला. इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी काय लिहिलं होतं, त्याला देशी पत्रांनी काय उत्तर दिलं होतं आणि आपले लेख त्या वादातला एक भाग कसे होते, हे त्यांनी उतारे वाचून दाखवलं. इंग्लंडमधल्या राजद्रोहाच्या खटल्यांत ज्यूरीनं लेखकाला कसं सोडलं, ते सांगितलं. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी आधीच केली होती, तिचे धागे पुन्हा उचलले. वर्तमानपत्राचा लेख अख्खा वाचावा, त्यातलं वाक्य सुटं करून फाशी देऊ नये, हा त्यांचा मुद्दा. तो सिद्ध करायचा तर अख्खा वाद कोर्टापुढे मांडणं भाग होतं. म्हणून एकवीस तास लागले. ती लांबी पुराव्याची होती.

२२ जुलैच्या रात्री ज्यूरीनं सात विरुद्ध दोन असा निकाल दिला. सहा वर्षं काळं पाणी. पुढे ते मंडालेला गेले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. त्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि सहा दिवस चालला, शिक्षेच्या एका वर्षामागे एक दिवस. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. लेनिननं त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात या संपाची दखल घेतली.

आता सांगा, हा संप भाषणानं घडवला का? मी ‘नाही’ म्हणेन, आणि टिळकांवरच्या प्रेमापोटीही ‘होय’ म्हणणार नाही. कोर्टातलं भाषण इंग्रजीत होतं, गिरणी कामगारानं ते ऐकलं नव्हतं. तो रस्त्यावर आला शिक्षेमुळे आणि त्याआधी गिरणगावात झालेल्या सभांमुळे, स्वदेशी आणि दारूबंदीच्या कामामुळे. पण भाषणाचं फळ दुसरीकडे, फार हळू पिकलं. न. चिं. केळकरांनी खटल्याचा शब्दशः वृत्तांत त्याच वर्षी पुस्तकरूपानं छापून काढला. एकवीस तास कागदावर आले. आठ वर्षांनी, १९१६ मध्ये, बेळगाव आणि अहमदनगर इथल्या स्वराज्यावरच्या भाषणांवरून सरकारनं टिळकांकडे जामीन मागितला. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. या वेळी जिना त्यांचे वकील होते. ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर आणि शाह यांनी तो हुकूम रद्द केला. भाषण अखंड वाचून त्याचा एकूण परिणाम पाहावा, सुट्या वाक्यांवर जाऊ नये, अशी त्या निकालाची भूमिका होती. १९०८ मध्ये याच मागणीसाठी टिळक आठवडाभर उभे होते. एकाच भाषणानं न्यायमूर्तींचं मत बनलं असं मी म्हणत नाही. पण जो युक्तिवाद ज्यूरीनं फेटाळला, तो मेला नव्हता, एवढं नक्की.

टिळकांशेजारी गोखल्यांना बसवलं की काहींना अवघडल्यासारखं होतं. मला तसं होत नाही. २६ मार्च १९०२ ला कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात पस्तीस वर्षांच्या गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. टिळकांच्या मानानं ते अगदी छोटं. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान मिरवत होतं. गोखल्यांनी दाखवलं की ही शिल्लक दुष्काळानं पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे. आकडे गोळा करायला सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशींची मदत होती. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. प्राप्तिकराची माफी पाचशेवरून हजारावर गेली. मिठाच्या कराविरुद्ध काँग्रेस कितीतरी वर्षं ठराव करत होती आणि तिजोरीत पैसाही होता, म्हणून सगळं श्रेय एका भाषणाला देणं बरोबर नाही. पण सरकारला उत्तर देता येणार नाही असा हिशोब त्या भाषणात होता, आणि गोखले तो दरवर्षी पुन्हा मांडत राहिले. सलग तासांपेक्षा या दरवर्षीच्या चिकाटीला मी जास्त मानतो.

लांबी आणि परिणाम यांचा संबंध तुटलेला पाहायचा असेल तर कृष्ण मेनन यांच्याकडे पाहावं. जानेवारी १९५७ मध्ये काश्मीर प्रश्नावर सुरक्षा परिषदेत ते दोन दिवस मिळून सुमारे आठ तास बोलले आणि कोसळले. परिषदेनं २४ जानेवारीला भारताला नको असलेला ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला, सोव्हिएत संघ तटस्थ राहिला. पुढच्या महिन्यात दुसरा ठराव अडला तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे. मात्र देशात मेनन काश्मीरचे कैवारी ठरले आणि काही आठवड्यांत मुंबईतून लोकसभेवर निवडूनही आले. प्रतीकाला फळ येतं, पण ते बोलणाऱ्याच्या पदरात पडतं. ज्या प्रश्नासाठी तो बोलतो, त्या प्रश्नाच्या पदरात ते पडेलच असं नाही.

लांबीच हत्यार होते अशी एकच जागा आहे, जिथे घड्याळ विरोधकाच्या बाजूनं असतं. टेक्सासात जून २०१३ मध्ये वेंडी डेव्हिस अकरा तासांच्या आसपास बोलल्या. अधिवेशन मध्यरात्री संपणार होतं आणि गर्भपातावर बंधनं घालणारं विधेयक वेळेत मंजूर होऊ शकलं नाही. पुढच्याच महिन्यात नवं अधिवेशन बोलावून ते मंजूर केलं गेलं. २९ डिसेंबर २०११ ला आपल्या राज्यसभेत लोकपाल विधेयकावर रात्री बारापर्यंत चर्चा चालली आणि मतदान न होता सभागृह तहकूब झालं. कायदा मंजूर व्हायला डिसेंबर २०१३ उजाडलं. वेळ मिळवता येतो. त्या वेळेचं पुढं काय करायचं, हे सभागृहाबाहेर ठरतं.

एरवी आपल्याकडे कुणी एकटा सदस्य असा तासन्‌तास बोलूच शकत नाही. कामकाज सल्लागार समिती वेळ ठरवते, पक्षाच्या संख्येप्रमाणे तो वाटला जातो, घंटी वाजते. त्याहून मोठी अडचण १९८५ ची आहे. त्या वर्षी बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली आणि व्हिपविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जायची वेळ आली. पक्षांतराचा बाजार थांबवायला ती हवीच होती. पण तिचा दुसरा परिणाम असा की समोरच्या बाकावरच्या माणसाला मनातून पटलं तरी तो मत बदलू शकत नाही. मग खासदार बोलतो कुणासाठी? पहिल्या लोकसभेच्या वर्षाला सरासरी १३५ बैठका होत, सतराव्या लोकसभेच्या ५५ झाल्या. मला भाषणांच्या लांबीची चिंता नाही. भाषणं करायला उरलेले दिवस कमी होताहेत, याची आहे. २०१८ मध्ये सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेनं चर्चेविना मंजूर केल्या. गोखल्यांच्या हाती निदान वर्षातून एक दिवस होता.

आता या शहराकडे येतो, कारण माझ्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला इथंच मिळालं.

५ एप्रिल १९९५ ला राजस्थान विधानसभेत मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी जाहीर केलं की पंचायतीच्या कामांची कागदपत्रं लोकांना पाहता येतील आणि त्यांच्या प्रती मिळतील. बोलणं थोडकंच होतं. सभागृहांत अशी आश्वासनं रोज दिली जातात. पण हे वर्तमानपत्रात छापून आलं आणि ते कात्रण मजदूर किसान शक्ती संघटनेच्या हाती पडलं. राजसमंद जिल्ह्यातल्या भीम गावी १९९० साली स्थापन झालेल्या या संघटनेत अरुणा रॉय आणि त्यांचे सहकारी होते, पण बहुतेक माणसं दुष्काळी कामांवर राबणारी. २ डिसेंबर १९९४ ला कोटकिराण्यात त्यांनी पहिली जनसुनावणी घेतली होती. तिथं मोठी भाषणं झाली नाहीत, हजेरीपटावरची नावं मोठ्यानं वाचली गेली. ज्यांनी कधी काम केलं नाही, जे केव्हाच वारले, त्यांच्याही नावांवर मजुरी उचललेली. नाव वाचलं की गर्दीतून कुणीतरी उठून सांगे, हा माणूस कामावर नव्हता. माझ्या मते ही आपल्या काळातली सगळ्यात परिणामकारक राजकीय वक्तृत्वशैली. तीत अलंकार नाहीत, तपशील आहे. टिळकांनी कोर्टात उतारे वाचले, गोखल्यांनी कर मोजला, या लोकांनी हजेरीपट वाचला. मला तिघे एकाच घराण्यातले वाटतात.

वर्षभर आश्वासन कागदावरच राहिलं. मग ६ एप्रिल १९९६ ला ब्यावरमध्ये धरणं सुरू झालं आणि चाळीस दिवस चाललं. घोषणा होती ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’. पुढच्या वर्षी याच जयपुरात, सचिवालयाजवळ, भर उन्हाळ्यात त्रेपन्न दिवस धरणं चाललं. बनी पार्कातून तासाभरात चालत जाता येईल इतक्या अंतरावर गावागावांतून आलेल्या बाया-माणसांनी रोज बोलत, गात, वाचत त्रेपन्न दिवस काढले. दीर्घ भाषणाचा विक्रम कुणाला द्यायचाच असेल तर मी या सगळ्यांना मिळून देईन. शेवटी उपमुख्यमंत्री हरिशंकर भाभडा यांनी जाहीर केलं की पंचायतीच्या कागदांच्या प्रती देण्याचा नियम सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात छापलेला आहे. धरण्यावर बसलेल्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. मग धरणं उठलं आणि माणसं प्रती मागायला आपापल्या पंचायतींत गेली. २००० साली राजस्थानचा माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, २००५ मध्ये देशाचा.

तो कायदा वापरून विधानसभेतल्या किंवा नगरपालिकेतल्या एखाद्या आश्वासनाचं पुढं काय झालं, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं असेल तर व्याख्यान संपल्यावर मला अवश्य भेटा. काय उत्तर आलं, ते मला ऐकायचं आहे.