पिलांचे जंत आणि आईचे औषध

कुत्र्याच्या पिलाच्या विष्ठेत शेवयांसारखे पांढरे जंत दिसले की घरातील मंडळी दुधाला, बिस्किटांना किंवा लाडाने भरवलेल्या गुळाच्या खड्याला दोष देऊन मोकळी होतात. वास्तविक गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. टॉक्सोकारा कॅनिस हा गोलकृमी, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता असणारा लांबट जंत, बहुतेक पिलांच्या शरीरात जन्मापूर्वीच शिरलेला असतो. या कृमीच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत निपचित पडून राहतात, गर्भारपणाच्या सुमारे ४२ व्या दिवसानंतर जाग्या होतात आणि वारेतून गर्भात उतरतात. पुढे पिलाच्या फुप्फुसांतून घशात येऊन त्या गिळल्या जातात व आतड्यात वाढतात. पिल्लू तीन आठवड्यांचे होते न होते तोच त्याच्या पोटातील जंत अंडी घालू लागलेले असतात, आणि त्या टम्म पोटाकडे पाहून घरचे मात्र पिल्लू गुटगुटीत झाले म्हणून कौतुक करीत असतात.

साठवणीच्या मुगाला लागणारा भुंगा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. भुंग्याने शेंगेवर घातलेली अंडी शेतातूनच डब्यात येतात, मूग वरवर स्वच्छ दिसतात, पाखडून दिसतील तेवढे किडे काढले तरी दाण्याच्या आतली अळी तशीच राहते आणि काही दिवसांनी डब्यात पुन्हा भुंगे फिरू लागतात. म्हणून जाणती गृहिणी मुगाला एकदा ऊन दाखवून थांबत नाही, आणि डब्यातले मूग निवडताना कोठीतल्या मुगाकडेही पाहते. येथे पिल्लू हा डबा आहे आणि आई ही कोठी आहे. पिलांना औषध पाजून आईला वगळणे म्हणजे कोठी तशीच ठेवून डबा निवडत बसणे होय, कारण पिलांना चाटून स्वच्छ करताना त्यांच्या विष्ठेतील अळ्या तिच्या पोटात जातात व तेथे वाढून पुन्हा अंडी घालू लागतात.

पायरँटेलसारखी नेहमीची जंतनाशके आतड्यातील जंतांवर चालतात, शरीरात अन्यत्र दडलेल्या अळ्यांवर नव्हे. आज आतडे रिकामे झाले तरी वाटेत असलेल्या अळ्या नंतर तेथे पोहोचतात. म्हणूनच पिलांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, वजनानुसार मात्रा ठरवून, औषध द्यायचे असते आणि त्याच दिवशी आईलाही द्यायचे असते. पंचेचाळीस दिवसांनी लस टोचायला नेऊ तेव्हा जंतांचेही पाहू, हा सर्वत्र आढळणारा हिशेब अगदी चुकीचा आहे, कारण तोवर अंगणात अंडी पडून बरेच दिवस झालेले असतात.

ताज्या विष्ठेतील अंडी लगेच बाधक नसतात. मातीत दोन ते चार आठवडे गेल्यावर ती बाधक होतात आणि मग वर्षानुवर्षे टिकतात, फिनाइलने मरत नाहीत. अशा मातीने माखलेली बोटे तोंडात घालणाऱ्या मुलाच्या शरीरात अळ्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यातही शिरतात व दृष्टीला अपाय करतात. विष्ठा रोजच्या रोज उचलणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय असूनही सर्वांत उपेक्षित आहे.

अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त शोषणारा बारीक जंत, आईच्या दुधातूनही पिलांत येतो आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या तर पशुवैद्याकडे जाण्यास एका दिवसाचाही विलंब परवडत नाही. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात ते फीतकृमीचे. तो पिसवांमधून येत असल्यामुळे पिसवा न मारता दिलेले औषध वाया जाते. आईला औषध द्यावयाचे, एवढे मात्र पुन्हा सांगणे भाग आहे; मग ती घरातली असो वा जिन्याखाली व्यालेली गल्लीतली असो.

ज्यांच्या पडवीत किंवा जिन्याखाली सध्या पिल्ले आहेत त्यांनी पिलांच्या जन्मापासूनचा चौदावा दिवस कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवावा, आणि तो उलटून गेला असेल तर उद्या सकाळीच पिलांचे व आईचे वजन करून पशुवैद्याकडे जावे.