शब्द विसरले, गाणं अडलं नाही



बक्षिसं मिळालेल्या विद्यार्थ्यांचं अभिनंदन. तुमच्या टाळ्यांचा जोर बघता भाषणाला फार वेळ मिळणार नाही हे मी ओळखलंय. संगीताच्या माणसाला बोलावलंत, म्हणून एका गायिकेची हकिगत सांगतो. तिचं नाव एला फिट्झजेराल्ड. अमेरिकेच्या जॅझ संगीतातलं फार मोठं नाव.

एलाचा जन्म १९१७ सालचा, व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूज गावचा. पुढे आईबरोबर ती न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्सला आली. ती जेमतेम पंधरा वर्षांची असताना आई वारली. शाळा सुटली. अनाथाश्रम झाला, सुधारगृह झालं. तिथून ती पळाली आणि हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मिळेल तिथे राहू लागली.

हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांची स्पर्धा व्हायची. प्रेक्षक असे, की आवडलं तर डोक्यावर घेतील, नाहीतर हुर्यो करून हाकलतील. २१ नोव्हेंबर १९३४ रोजी एला तिथे गेली ती नाचायला. पण तिच्याआधी एडवर्ड्स भगिनींनी असा काही नाच केला, की हिचा धीरच सुटला. ऐनवेळी तिने ठरवलं, गायचं. गाणं तिला कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. कॉनी बॉसवेल या गायिकेच्या तबकड्या ऐकून ऐकून तिने ते गळ्यावर चढवलं होतं. त्या रात्री पहिलं बक्षीस मिळालं, २५ डॉलर!

पुढच्याच वर्षी चिक वेब या ड्रमवादकाने तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. वेबला लहानपणी मणक्याचा क्षय झाला होता, पाठीला कुबड होतं, पण हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये त्याच्या बँडचा दबदबा होता. १९३८ साली एका बालगीतावरून रचलेल्या ‘अ टिस्केट, अ टास्केट’ने एलाला देशभर नाव मिळालं. वर्षभरात वेब गेला आणि बाविशीतल्या एलाच्या नावाने तो बँड पुढे चालला.

मग काळ बदलला. डिझी गिलेस्पीसारखे ट्रम्पेटवादक जॅझला नव्या, अवघड वाटेने नेऊ लागले. एलाने तक्रार केली नाही, कान दिला. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन जे करतात ते गळ्यातून काढू लागली. अर्थ नसलेल्या अक्षरांवर सूर आणि लय खेळवायची, याला ‘स्कॅट’ म्हणतात. तराणा ऐकलेल्यांना त्यातली गंमत लगेच कळेल. १९४५ सालचं तिचं ‘फ्लाइंग होम’ जरूर ऐका.

सगळं गोड मात्र नव्हतं. १९५४ साली ऑस्ट्रेलियाला जाताना, पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही, तिला होनोलुलूहून पुढच्या विमानात बसू दिलं नाही. कारण कातडीचा रंग. तिने कोर्टात दावा लावला आणि भरपाई मिळवली. तिचे व्यवस्थापक नॉर्मन ग्रान्झ तर गोऱ्या-काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवलेलं चालवूनच घेत नसत. १९५६ साली त्यांनी व्हर्व्ह ही रेकॉर्ड कंपनी काढली. तिथे एलाने कोल पोर्टर, ड्यूक एलिंग्टन, गेर्श्विन बंधू अशा रचनाकारांची गाणी एकेकाच्या नावाने संग्रह करून गायली. ते संग्रह गाणारे आजही अभ्यासतात.

आता १९६० सालचं बर्लिन. एला ‘मॅक द नाइफ’ गात होती. हे गाणं मुळात १९२८ साली बर्लिनमध्येच रंगमंचावर आलेल्या, ब्रेख्त या नाटककाराच्या नाटकातलं. पुलंनी ज्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, तेच ते नाटक. गाणं रंगात आलं आणि पुढचे शब्दच आठवेनात! एला थांबली नाही. शब्द विसरल्याचं तिने सुरातच सांगून टाकलं, नवे शब्द जुळवले, मध्येच लुई आर्मस्ट्राँग या गायकाच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली. सूर हलला नाही, ताल सुटला नाही. त्या ध्वनिमुद्रणाने तिला ग्रॅमी मिळवून दिलं.

मुलांनो, पाठांतर हवंच. पण पाठ केलेलं कधीतरी दगा देतं. अपोलोत ठरवलेला नाच राहून गेला, बर्लिनमध्ये शब्द पळाले. दोन्ही वेळा तिला तारलं ते ऐकून ऐकून आत मुरलेल्या संगीताने. बर्लिनमध्ये ऐनवेळी सुचलं खरं, पण त्यामागे पंचवीस वर्षांचं ऐकणं आणि गाणं होतं.

शिक्षकांना एक विनंती. शाळा सुटलेल्या मुलीला वेबने बँडमध्ये जागा दिली म्हणून पुढचं घडलं. मागच्या बाकावर गुणगुणणाऱ्याला गप्प करण्याआधी तो काय गुणगुणतोय, एवढं ऐका.

आणि माझ्यानंतर इथे नाटक सादर करणाऱ्या मुलांनो, फक्त आपली वाक्यं घोकू नका, समोरच्याचंही कान देऊन ऐका. कुणी अडलंच, तर सावरून घेणारा तुमच्यातलाच निघेल. चला, पडदा उघडू द्या.