रिकाम्या संगणकाची वर्गणी आणि ती तपासणारे हात

(मंडळाच्या गणेशोत्सवात सांबरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आणि प्रसाद वाटायचा आहे, या दोहोंच्या मध्ये मला उभं केलंय. म्हणजे किती वेळ बोलायचं हे मंडळानं न सांगताच सांगितलं! पत्रिकेवर माझा विषय ‘संगणकाच्या सॉफ्टवेअरची चाचणी’ असा छापलाय. तो वाचून दोघे-तिघे दुकानाच्या कट्ट्यावरच थांबले असतील, त्यांना माझा दोष नाही. मी सुरुवात वर्गणीपासून करतो, कारण ती इथं सगळ्यांना कळते.

एका घरातून शंभर, एका घरातून पाचशे, कुणाकडून नारळाचं पोतं, कुणाकडून मांडवाची पत्रं. एकट्या घराच्या पैशात हा मांडव उभा राहिला नसता. आता असं समजा, की वर्गणी पैशाची नसून तुमच्या घरातला संगणक रिकामा असतो त्या वेळाची आहे. रात्री आपण झोपतो, पोरगं क्लासला जातं, संगणक नुसता चालू असतो. तो वेळ कुणा शास्त्रज्ञाच्या आकडेमोडीला दिला तर? अविभाज्य संख्या शोधण्यासाठी 1996 पासून काही लोक असं करत होते. पण ही कल्पना घराघरांत पोचली ती 17 मे 1999 ला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या मंडळींनी ‘सेटी ॲट होम’ नावाचा कार्यक्रम लोकांना वाटायला सुरुवात केली. प्युर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या लहरींचे बारीक तुकडे लोकांच्या घरी जायचे आणि त्यात परग्रहावरच्या कुणाची हाक सापडते का ते संगणक बघायचा. हाक काही सापडली नाही. पण पन्नास लाखांवर लोकांनी वर्गणी दिली. 31 मार्च 2020 ला त्यांनी नवीन काम वाटणं थांबवलं.

आपल्या पुण्यात सी-डॅकनं 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक केला, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. तो एक मार्ग : एका जागी मोठं यंत्र. दुसरा मार्ग आपल्या शेतकऱ्याला मी काय सांगू? रोप लावणीला आपण पैरा करतो. आज तुझ्या शेतात दहा माणसं, उद्या माझ्या शेतात. हे जगभराच्या संगणकांचं पैऱ्यानं काम करणं आहे, फक्त यात उलट फेड मागायची नसते.

प्रत्येक शास्त्रज्ञानं आपापलं वाटपाचं सॉफ्टवेअर नव्यानं लिहायचं म्हणजे प्रत्येक मंडळानं पावतीपुस्तकाचा छापखाना घालायचा. म्हणून बर्कलेच्या डेव्हिड अँडरसन यांनी 2002 मध्ये सगळ्यांना वापरता येईल असं एक सामाईक सॉफ्टवेअर करायला घेतलं. त्याचं नाव ‘बॉइंक’. ते फुकट आहे, आणि त्याचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, कुणालाही वाचायला खुला आहे. आज माझा विषय या बॉइंकची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी तपासणाऱ्या लोकांचा आहे. त्यांना पगार नाही. ते आपल्यासारखेच वर्गणीदार आहेत.

तपासायचं काय, असं एका काकांनी मला सकाळीच विचारलं. काका, चतुर्थीच्या आदल्या रात्री देखाव्याची मोटर लावून आपण का बघतो? मोटर दुकानात फिरली होतीच की. पण आपल्या मांडवात, आपल्या वायरिंगवर, पावसाचं पाणी ठिबकत असताना ती फिरते का, हे दुकानदाराला कळत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. लिहिणाऱ्याकडं दोन-चार संगणक. वापरणाऱ्यांकडं लाखो, आणि एकासारखा एक नाही. कुणाचं विंडोज जुनं, कुणाचं लिनक्स, कुणाकडं मॅक, कुणाच्या कॉलेजचं इंटरनेट प्रॉक्सीतून येतं, कुणाची डिस्क भरत आलेली. ही सगळी जत्रा बर्कलेच्या खोलीत मावणार नाही. म्हणून ते नवी कच्ची आवृत्ती आधी तपासनिसांना देतात. आकड्यावरून ती ओळखता येते. मधला आकडा विषम असेल तर ती कच्ची, सम असेल तर सगळ्यांसाठी. 7.15 ही तपासायची, 7.16 ही लोकांची.

चूक राहिली तर बिघडतं काय? एक तर माणसाचा विश्वास जातो. तुम्ही मला घराची किल्ली दिलीत, की रिकाम्या वेळी माझ्या परसात काम करा, आणि मी तुमच्या जेवणाच्या वेळी आत येऊन बसलो, तर तुम्ही पुन्हा किल्ली देणार नाही. कुणी टायपिंग करत असताना कार्यक्रम मागं सरला पाहिजे, बॅटरीवर असताना थांबला पाहिजे, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त डिस्क खाता कामा नये. यातलं एक जरी चुकलं तर माणूस तो कार्यक्रम काढून टाकतो आणि दहा जणांना सांगतो.

पण दुसरं नुकसान दिसतच नाही, आणि मला त्याची जास्त धास्ती वाटते. उत्तर चुकीचं येणं. यावर बॉइंकचा उपाय ग्रामसभेतला आहे, त्याला ते ‘कोरम’च म्हणतात. एकच काम दोन अनोळखी संगणकांना द्यायचं आणि उत्तरं जुळली तरच खरी मानायची. न जुळली तर तिसऱ्याला विचारायचं. कुणी लबाडी केली, कुणाचं यंत्र तापून बिघडलं, तर ते इथं पकडलं जातं.

आता गंमत ऐका. जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेनं जमिनीखाली 27 किलोमीटर घेराचा बोगदा केलाय, त्यात कण फिरवतात. ते यंत्र सुरू होण्याआधी, 2004 मध्ये, सर्नच्या पन्नाशीच्या निमित्तानं ‘एलएचसी ॲट होम’ हा प्रकल्प बॉइंकवर आला. काम असं, की एखादा कण लाखभर, कधी दहा लाख फेऱ्या मारताना वाटेवर टिकतो की भिंतीला जाऊन धडकतो, हे आकडेमोडीनं बघायचं. दोन संगणकांना तेच काम दिलं. एकानं सांगितलं कण टिकला, दुसऱ्यानं सांगितलं गेला. दोन्ही यंत्रं धडधाकट, दोघांनी लबाडी केलेली नाही. मग झालं काय?

झालं असं, की काही गणिती क्रियांत, म्हणजे आमच्या वेळी लॉगॅरिदमच्या तक्त्यात बघत होतो तसल्यांत, वेगवेगळे संगणक अगदी शेवटचा अंक वेगळा काढतात. पंधरा-सोळा अंकांतला शेवटचा! आपल्या बाजारहाटात याला कोण विचारतो? पण तोच फरक एका फेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा वाढत लाखाव्या फेरीला गेला, की कण भिंतीवर. शेवटी फ्रान्समधल्या लियाँच्या गणिती मंडळींनी केलेली एक लायब्ररी वापरली. ती कुठल्याही यंत्रावर त्या क्रियांचा शेवटचा अंकसुद्धा एकसारखा काढून देते. मग उत्तरं जुळायला लागली. मला ही गोष्ट फार आवडते. ही चूक कुठल्याही एका संगणकावर बसून सापडली नसती. दोन परक्या माणसांची यंत्रं शेजारी ठेवली तेव्हाच ती दिसली.

तपासनीस घरी बसून काय करतो? जुन्या आवृत्तीवर नवी चढवतो आणि आधीची कामं जागेवर आहेत का बघतो. मग नवी काढून टाकतो, मागं काही कचरा उरतो का बघतो. नेट तोडतो, जोडतो. मध्येच संगणक झोपवतो, उठवतो. प्रत्येक गोष्ट चालली की नाही चालली, कुठल्या यंत्रावर, हे लिहून कळवतो. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. आणि दहापैकी नऊ वेळा लिहायचं एवढंच असतं, की सगळं ठीक आहे. तेही कळवावं लागतं, कारण ‘कुणी बघितलंच नाही’ आणि ‘बघितलं, ठीक आहे’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विमानतळ आपल्या शेजारी आहे. विमान उडायच्या आधी यादी हातात घेऊन फिरणारा माणूस रोज ‘ठीक आहे’च लिहितो, म्हणून कुणी त्याला घरी बसवत नाही.

काही चाचण्यांत तर आपण बर्कलेवाल्यांना भारी आहोत. आपल्याकडं करंट जातो! वळवाचा पाऊस आला की गेलाच. बॉइंक आपली सगळी नोंद एका फाईलमध्ये ठेवतं, आणि आधीची एक प्रत बाजूला राखून ठेवतं. लिहिता लिहिता करंट गेला आणि ताजी फाईल अर्धवट राहिली, तर निदान जुनी हाताशी हवी. ही तजवीज चालते का, हे यूपीएस नसलेल्या घरातला माणूस जितक्या वेळा बघेल तितकं तिकडं कुणी बघणार नाही. नात्यातल्या एका पोरानं मला फोन केला, ‘काका, करंट यायच्या आधी 61 टक्के झालं होतं, आता 58 दाखवतंय, हे मागं गेलं की! बग सापडला.’ मी म्हटलं, थांब. तो कार्यक्रम ठरावीक वेळानं खूण करून ठेवतो, भात मापताना पायलीपायलीला खडा ठेवतात तशी. करंट गेला की शेवटच्या खड्यापासून पुन्हा मोजायचं. 58 ला जाणं बरोबर आहे. शून्यावर गेलं असतं तर मात्र कळव. पोरगं हुशार, लगेच विचारलं, ‘मग खडा किती वेळानं पडतो ते मी बदललं, तर तेवढंच मागं जातं का बघू?’ याला म्हणतात तपासनीस.

2013 पासून बॉइंक अँड्रॉईड फोनवरही चालतं. तिथं नियम असे, की चार्जिंगला लावलेला असेल, बॅटरी 90 टक्क्यांवर असेल, वायफाय असेल तरच काम करायचं, आणि बॅटरी 40 अंशांवर तापली की थांबायचं. हे आकडे आपल्याला बदलता येतात. थंड देशात हा शेवटचा नियम तपासायचा म्हणजे फोन मुद्दाम तापवावा लागेल. आपल्याकडं एप्रिलमध्ये पत्र्याच्या घरात ठेवला की झालं.

आता पुढं बसलेल्या कॉलेजच्या पोरांशी दोन शब्द. तुमच्यापैकी बरेच जण मराठी शाळेतून आलात, कचेरीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. बेळगावात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो, पण ‘सर, माझं इंग्लिश वीक आहे’ म्हणून मागच्या बाकावर बसता. चूक कळवायला साहित्यिक इंग्रजी लागत नाही. तीन गोष्टी लागतात. मी कोणत्या क्रमानं काय केलं. काय व्हायला हवं होतं. काय झालं. वर आवृत्तीचा आकडा आणि खाली कार्यक्रमाच्या नोंदवहीतल्या त्या वेळच्या ओळी जशाच्या तशा. मोडकंतोडकं का असेना, क्रम बरोबर असेल तर जगातला कुठलाही प्रोग्रामर ते वाचून आपल्या यंत्रावर तीच चूक पुन्हा घडवतो. आणि घडली की निम्मं काम झालं. उलट, ‘इट इज नॉट वर्किंग’ एवढंच सुंदर इंग्रजीत लिहिलं तर त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. मला स्वतःला वाटतं, तीन भाषांत वावरणारा मुलगा यात पुढंच असायला हवा, कारण आपलं म्हणणं दुसऱ्याला नीट कळलं का हे बघायची त्याला लहानपणापासून सवय असते. आणि तुमचं हे लिखाण सगळ्यांना दिसेल असं राहतं. बंगळूरला मुलाखतीला जाताना ते दाखवता येतं, तेही शिफारशीशिवाय.

यातून हाती काय लागलं, असं कुणी विचारेल. 2010 मध्ये ‘आइन्स्टाईन ॲट होम’ या बॉइंकवरच्या प्रकल्पात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या संगणकानं एक नवा पल्सार शोधला. पल्सार म्हणजे भोवऱ्यासारखा फिरणारा मेलेला तारा. हा सेकंदाला 41 गिरक्या घेतो. त्याच प्रकल्पाचं मूळ काम गुरुत्वीय लहरी शोधण्याचं आहे. या लहरी पहिल्यांदा 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या लायगोनं टिपल्या. गोंगाटातून त्या वेचून कशा काढायच्या याचं गणित उभं करण्यात पुण्याच्या आयुकातल्या प्रा. संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. आणि आता तसलंच यंत्र हिंगोली जिल्ह्यात, आपल्या औंढा नागनाथजवळ व्हायचंय. 2023 मध्ये केंद्र सरकारनं त्याला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. नागनाथाच्या दर्शनाला गेलेल्या माणसाला पुढं दोन देखावे बघायला मिळतील.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ‘फोल्डिंग ॲट होम’ या प्रकल्पाकडं, तो बॉइंकवर नाही, पण पद्धत तीच, करोनाच्या विषाणूच्या अभ्यासासाठी इतक्या लोकांनी संगणक दिले, की त्यांची एकत्रित ताकद जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या महासंगणकाच्या पुढं गेली. इतकी, की काम वाटणारे सर्व्हर कमी पडले आणि वर्गणीदार पावती घ्यायला रांगेत उभे राहिले.

एका वहिनींचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय : ‘लाईट बिल कोण भरणार?’ अगदी योग्य प्रश्न. संगणक पूर्ण जोर लावून चालला तर समजा 60 वॅट जादा खातो. रोज आठ तास म्हणजे अर्धा युनिट, महिन्याला पंधरा युनिट. ज्याला झेपेल त्यानं द्यावी, ज्याला नाही त्यानं देऊ नये. माळ्यावरचा जुना खटारा संगणक तर काढूच नका, तो बिल जास्त आणि काम कमी करतो. पण तपासणीला रात्रभर संगणक चालवावा लागत नाही. नवी आवृत्ती येईल तेव्हा दोन-तीन तास, तेही डोळे उघडे ठेवून. दुसरी चिठ्ठी आहे, ‘शाळेच्या संगणकावर चालवू का?’ हेडमास्तरांना विचारून, त्यांनी हो म्हटलं तरच. आणि कच्ची आवृत्ती शाळेच्या संगणकावर कधीच नाही, ती आपल्या स्वतःच्या यंत्रावर, महत्त्वाच्या फाईलींची प्रत आधी पेनड्राइव्हवर काढून. तिसरी चिठ्ठी प्रसादाबद्दल आहे, तिचं उत्तर मंडळ देईल.