लाल दारांचे फोटो
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



बँकेतून रिटायर झाल्यापासून मी जुन्या लाल गाड्यांच्या आणि ट्रकांच्या दारांचे फोटो काढतो. लोक विचारतात, "दारांचेच का हो?" कारण माणसाचा हात रोज लागतो तो दाराला. हँडलपाशी रंग झिजतो, कोपर टेकवायची कड गुळगुळीत होते. ट्रकच्या दारावर तर पेंटरने हाताने रंगवलेले मालकाचे नाव-गाव असते. दारावरून गाडीची पिढीही कळते. जुन्या 'डुक्कर फियाट'ची पुढची दारे उलटी उघडायची; पुढे पद्मिनीची सरळ झाली.

लाल रंग कॅमेऱ्याला जड जातो. कडक उन्हात नुसता लाल पट्टा दिसतो, बारकावे जातात. म्हणून सकाळी, सावलीत, एक्स्पोजर थोडे कमी ठेवून काढावा. जरा तिरके उभे राहावे, नाहीतर चकचकीत पत्र्यात आपणच दिसतो!

आता मुद्द्याचे. बी विंगमधल्या आजींची लाल पद्मिनी पुढच्या महिन्यात भंगारात जाणार. पार्किंगला जागा हवी, ते बरोबरच आहे. पण सुरुवातीला इथे रात्री रिक्षा मिळत नसे, तेव्हा आपल्यापैकी कितीजण याच गाडीतून दवाखान्यात गेले! आजींनी परवानगी दिली आहे. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता मुलांना मोबाईल घेऊन पाठवा. त्या दाराचा एक नीट फोटो सोसायटीच्या अल्बममध्ये राहू द्या.