कोरियन मालिका : पाहिलेल्या आणि सोडलेल्या

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांची अट अशी होती की कामाबद्दल बोलायचं नाही, आवडीबद्दल बोलायचं. माझ्या आधी गडकिल्ले झाले, गच्चीवरची भाजी झाली. माझी आवड त्या मानानं बसल्या जागी करायची आहे. मी कोरियन मालिका बघते. आणि बऱ्याचशा अर्ध्यावर सोडते. आज मी जास्त बोलणार आहे ते सोडण्याबद्दल, कारण बघणाऱ्या आपल्या ग्रुपवर निदान आठ-दहा जणी आहेत. दोन पुरुषही आहेत, त्यांची नावं मी व्यासपीठावरून घेणार नाही.

ज्यांनी एकही पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' दहा वर्षांहून जास्त चालली. कोरियन मालिका साधारण 16 भागांची असते. आठवड्याला दोन भाग, दोन महिन्यांत गोष्ट संपली. बहुतेक वेळा लेखक, किंबहुना लेखिका, एकच असते आणि प्रेक्षक तिच्या नावावर मालिका निवडतात. एक भाग तासाचा, कधी सत्तर मिनिटांचा. 16 गुणिले 70 म्हणजे 1120 मिनिटं, जवळजवळ 19 तास. मला रोज रात्री घर शांत झाल्यावर एक तास मिळतो, तोही मिळाला तर. म्हणजे एक मालिका हे माझे वीस दिवस असतात. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजारी आईवडील आहेत आणि दहावी-बारावीची मुलंही आहेत, त्यांना या एका तासाची किंमत वेगळी सांगायला नको.

तरीही आपल्या वयाच्या माणसांना सोडता येत नाही. ताटात वाढलेलं संपवायचं, वाचनालयातून आणलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. शिवाय आपलं टीव्हीचं शिक्षण दूरदर्शनवर झालं. एकच वाहिनी, लागेल ते बघायचं. आवडलं नाही म्हणून उठून जायची सवयच लागली नाही, कारण उठून जायचं कुठे? आज माझ्या ओळखीत अशा बायका आहेत ज्या अकराव्या भागापासून कंटाळलेल्या असतात आणि तरी सोळावा बघतात, 'आता इतकं पाहिलंच आहे तर' म्हणून. आधीचे दहा तास गेलेच, त्यांच्या पाठोपाठ पुढचे सहा कशाला घालवायचे?

गंमत म्हणजे बिघडण्याची वेळही बरीच ठरलेली असते. दहाव्या-अकराव्या भागाच्या आसपास. याचं एक कारण कारखान्यात आहे. आठवड्याला दोन भाग म्हणजे दर आठवड्याला एका सिनेमाएवढं चित्रीकरण. कित्येक वर्षं तिथली पद्धत अशी होती की सुरुवातीचे थोडे भाग तयार ठेवायचे आणि मग उरलेले प्रक्षेपण सुरू असताना लिहायचे, त्याच आठवड्यात चित्रित करायचे. सेटवर संहिता पानापानानं यायची. त्या सुट्या पानांना कोरियनमध्ये वेगळा शब्दच आहे, 'च्योक-देबोन'. आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हातात असताना मागून कोड लिहिणं जसं असतं, अगदी तसं. दमलेली लेखिका, वर-खाली होणारं रेटिंग, आणि मग कुणाचा तरी अपघात होतो किंवा स्मृती जाते. 2016 ची 'डिसेंडंट्स ऑफ द सन' प्रक्षेपणाआधीच संपूर्ण तयार होती, याची बातमी व्हावी इतकी ती वेगळी गोष्ट होती. पुढे 2018 मध्ये आठवड्याला 52 तास कामाची मर्यादा आणणारा कायदा आला, स्ट्रीमिंग कंपन्या आल्या, तेव्हा परिस्थिती बदलू लागली. पण पोकळ मधला भाग अजून गेलेला नाही, म्हणजे दोष सगळा घाईचा नव्हता.

आता माझ्या सोडलेल्या मालिका.

'मेमरीज ऑफ द अलहम्ब्रा'. 2018 ची. स्पेनमधलं ग्रॅनाडा शहर, डोळ्यांत लेन्स घातल्या की खऱ्या रस्त्यांवर तलवारी घेऊन योद्धे दिसतात असा एक खेळ, आणि त्या खेळात मेलेला प्रतिस्पर्धी खेळ बंद असतानाही नायकावर चालून येतो. माझ्यासारखीला याहून चांगलं आमिष नाही. पहिले सहा भाग मी श्वास रोखून पाहिले. प्रोग्रॅममध्ये चूक आहे, ती का आहे, सापडेल कशी, हेच तर मी दिवसभर करते! पण कोड्याला नियम असावे लागतात. इथे नवा प्रश्न पडला की जुना नियम बाजूला, आणि जुनीच दृश्यं पुन्हा पुन्हा. चौदाव्या भागाला मी थांबले. शेवट एका मैत्रिणीनं फोनवर सांगितला, चार मिनिटांत, चिडून.

'स्टार्ट-अप', 2020. नावावरून आमच्या ऑफिसात सगळ्यांनी सुरू केली. तिच्यातला एक प्रसंग फार खरा आहे. मोठी कंपनी छोट्या कंपनीला विकत घेते, पोरं नाचतात, आणि मग कळतं की त्यांना फक्त तीन इंजिनिअर हवे होते, बाकीच्यांना नारळ. हे असं होतं, मी पाहिलं आहे. पण मालिकेला त्याच्यापेक्षा, लहानपणची पत्रं नक्की कुणी लिहिली होती आणि नायिकेनं दोघांतला कोण निवडावा, यातच रस होता. मग गोष्ट तीन वर्षं पुढे उडी मारते. तिथे मी उतरले.

तिसरी सांगितली की इथे भांडण होईल. 'क्वीन ऑफ टीअर्स', 2024. हिच्या शेवटच्या भागाचं रेटिंग जवळजवळ 25 टक्के होतं, त्या वाहिनीचा तोपर्यंतचा विक्रम. सुरुवात खरोखर चांगली. लग्नाला तीन वर्षं झालेलं, एकमेकांशी न बोलणारं जोडपं, घटस्फोटाच्या उंबरठ्यावर. लग्नानंतरची गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगायला धाडस लागतं. आणि मग जर्मनीत शस्त्रक्रिया, आणि स्मृती जाणार. नवराबायकोंनी चौदा भाग लावून जे कमावलं ते पुसून टाकायला मेंदूचं ऑपरेशन! मी लॅपटॉप मिटला. अख्खा कोरिया बघत होता, बघू दे.

योगायोगाबद्दल माझी तक्रार नाही, हेही सांगते. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' मध्ये दक्षिण कोरियातली उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियाच्या सैनिकाच्या अंगावर पडते. यापेक्षा अशक्य सुरुवात कुठली? ती मी आनंदानं मान्य केली. योगायोगानं माणसं अडचणीत पडली तर चालतं, योगायोगानं सुटली की मला राग येतो. आणि ती मालिका मी पूर्ण पाहिली ती ह्युन बिनसाठी नाही (हसू नका), तर त्या उत्तर कोरियन गावातल्या बायकांसाठी. एकमेकींच्या घरात डोकावणाऱ्या, वीज गेली की वैतागणाऱ्या, हुद्द्याप्रमाणे मान ठेवणाऱ्या. लेखनात उत्तर कोरियातून आलेल्या एका लेखकाचा सहभाग होता, आणि ते स्वयंपाकघरात दिसतं.

सोडण्याची घाई मात्र नको. संथ मालिका आणि पोकळ मालिका पहिल्या दोन भागांत सारख्याच दिसतात, म्हणून मी चौथ्या भागापर्यंत थांबते. 'माय मिस्टर' आपल्या ग्रुपवरच्या तिघींनी दुसऱ्या भागाला सोडली. अंधार, कर्ज, मारहाण, कुणी हसत नाही, म्हणून. तक्रार खोटी नाही. पण बघा, त्यातली ती एकवीस वर्षांची कंत्राटी मुलगी ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या खिशात घालून घरी नेते आणि तेच तिचं रात्रीचं जेवण असतं. तोंडानं कुणी तिची गरिबी सांगत नाही. पुढे ती आपल्या आजारी आजीला चंद्र दाखवायला दुकानाच्या ट्रॉलीत बसवून चढावर नेते. नायक इमारतींची मजबुती तपासणारा इंजिनिअर आहे, आणि माणसावर बाहेरून किती भार येतो आणि आतून तो किती पेलतो, हा त्याच्या कामाचाच प्रश्न मालिका त्याच्या आयुष्याला विचारते. त्याच लेखिकेची, पार्क हे-यंगची, 'माय लिबरेशन नोट्स' आहे. तीन भावंडं रोज गावाहून सेऊलला कामाला जातात, दिवसाचे कित्येक तास प्रवासात. कर्जत-कसाऱ्याच्या आपल्या मंडळींना ती समजावून सांगावी लागणार नाही.

आणि 'मिसेंग'. 2014, एका व्यापारी कंपनीचं ऑफिस, प्रेमकथा जवळजवळ नाहीच. सणाला कंपनी भेट देते. कायमच्या नोकरदारांना हॅमच्या डब्यांचा संच, कंत्राटी नायकाला खाद्यतेलाचा. तो डबा घेऊन घरी जातो आणि आईला काही सांगत नाही. आमच्या ऑफिसात कंत्राटी मुलांच्या ओळखपत्राची पट्टी वेगळ्या रंगाची असते, आणि दिवाळीचं खोकंही वेगळं असतं. ते दृश्य पाहून मी थोडा वेळ पुढे गेले नाही. त्याला शेवटी कायमची नोकरी मिळत नाही. मिळवून देणं लेखिकेच्या हातात होतं, सगळे वाटच बघत होते, तिनं दिली नाही. म्हणून ती मालिका मी दोनदा पाहिली.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी 'रिप्लाय 1988' नं करावी. सेऊल ऑलिंपिकचं वर्ष, एक गल्ली, पाच घरं. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी एका घरची मुलं वाडगा घेऊन दुसऱ्या घरी जातात, तिथून दुसरं काही भरून परत, असं होता होता प्रत्येक टेबलावर पाचही घरचं जेवण येतं. आपल्या वाड्यांत आणि चाळींत वाटी रिकामी परत जात नसे, तसंच. मधल्या मुलीचा वाढदिवस दरवर्षी मोठ्या बहिणीच्या केकवर उरकतात, आणि ती एकदा रडून उठते. मग बाप तिला रात्री गल्लीत बसून सांगतो, की तो काही जन्मतः बाप नव्हता. इथे बसलेल्या मधल्या भावंडांनी रुमाल घेऊन बसावं. भाग लांब आहेत, काही दीड तासाचेही. चौथ्यापर्यंत नाही आवडली तर खुशाल सोडा आणि ग्रुपवर कळवा. फक्त तिचा नवरा पुढे कोण होतो ते तिथे लिहू नका, आपले भूगोलाचे सर अजून तेराव्या भागावर आहेत.