पाव पैशाचें गिऱ्हाईक

दुकानदारानें फसविल्याच्या गोष्टी घरोघर ऐकूं येतात. गिऱ्हाइकाच्या सज्जनपणाची गोष्ट दुकानांतील गुमास्ताच काय ती जाणतो. घासाघीस न करणारें तें चांगलें गिऱ्हाईक, ही समजूत अपुरी आहे. घासाघीस हा तर गिऱ्हाइकाचा हक्कच!

१ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे १०० नवे पैसे झाले. श्रोत्यांतील वडीलधाऱ्यांस तो घोळ आठवत असेल. आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पण पाव पैशाचें नाणें कोठें होतें? म्हणून कोष्टकांत एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तिहींचे १९ व चोहोंचे २५ पैसे धरले गेले. चतुर गिऱ्हाईक आण्याआण्याच्या चार पुड्या निरनिराळ्या मागे आणि चोवीसच पैसे टेकवी. हिशेबानें तें चूक नव्हतें. परंतु रात्रीं गल्ला मोजतांना शेटजींची नजर वळे ती गुमास्त्याकडे. अशा गर्दींत एखादी बाई चार पुड्या घेऊनहि जुनी पावलीच पुढें करी. “चार आण्यांची पावली होते, बाबा,” एवढेंच तिचें बोलणें.

त्यांत दोन पैशांच्या नाण्याप्रमाणें दहाच्या नाण्याचीहि कड नागमोडी, आकार तेवढा मोठा. दिवेलागणीला दोनाऐवजीं दहाचें नाणें हातून जाई. दुसऱ्या दिवशीं दुकान उघडतांच कोणी वृद्ध गृहस्थ आठ पैसे घेऊन पायरीशीं उभा असे. मालक यावयाच्या आंत गुमास्ता ते गल्ल्यांत टाकी आणि आदल्या रात्रीच्या तुटीवर काट मारी.