स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव आणि जनुके



स्तनाच्या कर्करोगाचा विचार करताना दोन प्रश्नांची अनेकदा गल्लत होते. रोग कोणाला होईल, हा पहिला प्रश्न. झालेला रोग शरीरात पसरेल काय, हा दुसरा. बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही अनुक्रमे १७ व्या आणि १३ व्या गुणसूत्रावरील जनुके सर्वांच्या परिचयाची आहेत. डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्यात त्यांचा वाटा असतो आणि त्यांतील दोष वारशाने आल्यास रोगाची शक्यता पुष्कळ वाढते. हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले, तेही थोड्याच रुग्णांपुरते. मृत्यूचा संबंध मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाशी असतो. स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. हाडे, फुफ्फुसे, यकृत वा मेंदू येथे रुजलेल्या पेशींचे तसे नाही.

या पेशी ठरावीक अवयवांतच का रुजतात? स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. प्लीहेलाही भरपूर रक्तपुरवठा असतो; तरी तेथे गाठी क्वचित आणि यकृतात वारंवार आढळल्या. त्यावरून त्याने बीज व जमीन यांची उपमा दिली. बी सर्वत्र उडते, रुजते मात्र मानवणाऱ्या मातीतच.

या उपमेला जनुकीय आधार मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला. २००३ साली न्यूयॉर्क येथे जोन मासाग्वे यांच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी उंदरांत सोडण्यात आल्या आणि हाडांत रुजलेल्या पेशी वेगळ्या काढण्यात आल्या. त्यांत काही मोजकी जनुके अधिक कार्यरत होती. त्यांपैकी काही पेशीला हाडाकडे नेण्यास साह्य करतात, तर काहींच्या प्रभावाने हाड झिजवणाऱ्या पेशी चेतवल्या जातात. हाड झिजले की त्यात साठलेली वाढ-प्रथिने मोकळी होतात आणि कर्करोगाच्या पेशींचेच पोषण करतात. जमीनच बीजाला खत पुरवते, असे हे दुष्टचक्र होय. फुफ्फुसांत रुजणाऱ्या पेशींचा जनुकसंच निराळा असल्याचे २००५ मध्ये याच गटाने दाखवून दिले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे बदल बहुतांशी गाठीतील पेशींपुरते असतात. ते आईकडून मुलीकडे जात नाहीत. एचईआर-२ हे जनुक त्याचे ठळक उदाहरण. सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांच्या गाठीत त्याच्या जादा प्रती आढळतात व रोग आक्रमक होतो. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या प्रतिद्रव्य-औषधाला मान्यता मिळाली आणि घातक खूणच उपचाराचे लक्ष्य बनली.

वारशाचा या दुसऱ्या प्रश्नाशी संबंधच नाही, असेही म्हणता येणार नाही. कोलेस्टेरॉलच्या संदर्भात परिचित असलेल्या पीसीएसके-९ या जनुकाच्या एका सामान्य वारसागत रूपाचा फैलावाशी संबंध असल्याचे संशोधन २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले.

या ज्ञानाचा रुग्णाला लाभ काय? नेदरलँड्समधील संशोधकांनी २००२ साली गाठीतील ७० जनुकांच्या क्रियाशीलतेवरून फैलावाचा अंदाज बांधणारी कसोटी मांडली. तिची मोठी चाचणी युरोपात झाली व २०१६ मध्ये निष्कर्ष आले. वैद्यकीय लक्षणांवरून धोका अधिक, पण जनुकांवरून कमी, अशा ज्या स्त्रियांना केमोथेरपी दिली नव्हती, त्यांपैकी ९४.७ टक्के पाच वर्षांनंतरही दूरच्या अवयवांत फैलाव न होता जिवंत होत्या. केमोथेरपीने पडणारा फरक सुमारे दीड टक्क्याचा होता. केस गळणे, जंतुसंसर्ग, मजुरी बुडणे हे सारे टळणे ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि अशा चाचण्या महागड्या आहेत आणि त्या उपयोगी पडतात त्या रोग प्राथमिक अवस्थेत सापडला तरच. जागतिक अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला व ९८ हजारांवर मृत्यू झाले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतील निम्म्या गटाची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तींनी ठरावीक काळाने केवळ हाताने केली. या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. या तपासणीला प्रयोगशाळा लागली नव्हती.